काच बदलली, पण कॅलिब्रेशन केलं का?

माझ्या मेहुण्याच्या गाडीची पुढची काच सिन्नरच्या अलीकडे गेली. पुढे खडीचा डंपर, वर ताडपत्रीचा पत्ता नाही. एक खडा उडाला आणि काचेवर बशीएवढी चांदणी उमटली. रात्रीत तिला पाय फुटले आणि सकाळी एक तडा थेट ड्रायव्हरच्या नजरेसमोर येऊन थांबला. ओळखीच्या काचवाल्याने अर्ध्या दिवसात नवी काच बसवून दिली. काम स्वच्छ, बिल वाजवी, डॅशबोर्डवर एकही दिवा पेटलेला नाही.

चार दिवसांनी हायवेवरच्या ढाब्यावरून त्याचा फोन आला. "दाजी, गाडी सारखी डावीकडे ओढतीय. अलाइनमेंट गेली वाटतं."

"लेन असिस्टचं बटण बंद कर आणि दहा किलोमीटर चालवून बघ," मी म्हटलं. लेन असिस्ट म्हणजे स्टीअरिंग हलकेच वळवून गाडीला लेनच्या मधोमध ठेवणारी यंत्रणा.

अर्ध्या तासाने पुन्हा फोन. बटण बंद केल्यावर गाडी सुतात चालली होती. चाकांचा काही दोष नव्हता. वाकडी झाली होती ती गाडीची नजर.

ही नजर म्हणजे आतल्या आरशामागे काचेला चिकटून बसलेला काळा डबा. त्यात कॅमेरा असतो, आणि काच बदलली की त्याचा कोन पुन्हा जुळवावा लागतो. ते काम म्हणजे कॅलिब्रेशन. २०२१ मध्ये महिंद्राची एक्सयूव्ही ७०० आणि एमजीची अ‍ॅस्टर आली, तेव्हापासून 'एडास' (लेन धरणं, आपोआप ब्रेक लावणं अशी ड्रायव्हरला मदत करणारी यंत्रणा) हा शब्द आपल्याकडच्या शोरूममध्ये सर्रास ऐकू यायला लागला. डिसेंबर २०२४ मध्ये तो होंडा अमेझसारख्या छोट्या सेडानपर्यंत उतरला. मधल्या काळात हॅरियर, सफारी, व्हर्ना, सेल्टोस, क्रेटा अशी रांगच लागली. यातल्या जुन्या गाड्या आता वॉरंटीतून बाहेर पडून बाहेरच्या गॅरेजांत जायला लागल्या आहेत, आणि तिथे काच म्हणजे काच नि बंपर म्हणजे बंपर हाच हिशेब अजून चालू आहे. त्या काचेवर आणि त्या बंपरमागे गाडीची ज्ञानेंद्रियं बसवलेली आहेत हे कामाच्या यादीत कुठे लिहिलेलं नसतं.

अर्धा अंश म्हणजे किती?

कॅमेऱ्याला अंतर थेट कळत नाही, त्याला फक्त सपाट चित्र दिसतं. मग पुढची गाडी किती लांब आहे हे तो कसं काढतो? एक मुख्य खूण म्हणजे त्या गाडीची चाकं चित्रात कुठे टेकलेली दिसतात. जवळच्या गाडीची चाकं चित्रात खाली दिसतात, लांबच्या गाडीची क्षितिजाजवळ. कॅमेरा रस्त्यापासून किती उंच आहे हे ठाऊक असलं की बाकीचं काम दहावीच्या त्रिकोणमितीचं.

आकडे घालून बघू. कॅमेरा १.३ मीटर उंचीवर आहे आणि पुढची गाडी ५० मीटरवर. तिची चाकं कॅमेऱ्याला क्षितिजाच्या साधारण दीड अंश खाली दिसतील. आता काच बदलताना कॅमेरा अर्धा अंश खाली झुकला, पण गाडीच्या कॉम्प्युटरला ते कुणी सांगितलंच नाही. तो अजून जुन्याच कोनावर विसंबून आहे. त्याच्या हिशेबात ती चाकं आता एकच अंश खाली आहेत, आणि एका अंशाचं उत्तर येतं ७५ मीटर. पन्नास मीटरवरची गाडी त्याला पंचाहत्तर मीटरवर वाटते. ताशी १०० किलोमीटर वेगाने आपण सेकंदाला जवळपास २८ मीटर जातो, म्हणजे या एका चुकीत ब्रेक लावायचा जवळजवळ एक सेकंद गेला. कॅमेरा उलट, वरच्या बाजूला कलला तर तीच गाडी ३७ मीटरवर भासते आणि कारण नसताना मध्येच ब्रेक लागतो. मागे ट्रक असेल तर तो प्रकारही कमी धोक्याचा नाही.

खरं सॉफ्टवेअर एवढ्या एकाच खुणेवर चालत नाही हे मान्य. पुढच्या गाडीची रुंदी, ती किती वेगाने मोठी होत चालली आहे, रडार असेल तर रडारचं माप, असं सगळं ते ताडून बघतं. पण हा हिशेब त्याचा पाया असतो, आणि पाया कलला की वरच्या भिंतीही कलतात.

हीच गोष्ट आडव्या दिशेला. कॅरमवर आपल्या बाजूला स्ट्रायकर केसभर चुकला की समोरच्या पॉकेटपाशी सोंगटी बोटभर लांब जाते, तसंच. एका अंशाची चूक १०० मीटरवर पावणेदोन मीटरची होते. आपल्या महामार्गांवर लेनची रुंदी साडेतीन मीटर असते, म्हणजे चूक बरोबर अर्ध्या लेनची. शेजारच्या लेनमधला टेम्पो गाडीला आपल्यापुढे आहे असं वाटू शकतं. आपल्यापुढचा खरा टेम्पो शेजारच्या लेनमध्ये आहे असंही वाटू शकतं.

मेहुण्याच्या गाडीत लेनचे पट्टे किंचित सरकलेले दिसत होते. गाडी तिच्या मते अगदी मधोमध चालत होती. आणि दिवा का लागला नाही? कारण काही तुटलंच नव्हतं. जुनाच कॅमेरा जुन्या काचेवरून काढून नव्या काचेवर बसवला होता, वायर जोडलेली, चित्र स्वच्छ. गाडी स्वतःची बिघडलेली वायर ओळखू शकते, पण आपण वाकडं बघतोय हे तिला दर वेळी कळतंच असं नाही. काही गाड्या असं काही झालं की यंत्रणा बंद करून संदेश दाखवतात. काही मात्र आत्मविश्वासाने चुकत राहतात. माझ्या मते बंद पडलेल्या एडासपेक्षा हा दुसरा प्रकार वाईट, कारण बंद पडलेला निदान बंद आहे हे तरी सांगतो.

बंपरमागचं रडार

काच निदान डोळ्यांना दिसते. रडार दिसतही नाही. काही गाड्यांत ते नसतंच. होंडाच्या आपल्याकडच्या सिटी, एलिव्हेट, अमेझ या गाड्या पुढचं सगळं एका कॅमेऱ्यावर बघतात. पण बऱ्याच गाड्यांत ते पुढच्या बंपरच्या खालच्या जाळीमागे किंवा लोगोच्या मागे असतं, आणि मागच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत आणखी दोन छोटी रडार असतात. आरशातला ब्लाइंड स्पॉटचा, म्हणजे आरशात न दिसणाऱ्या बाजूच्या गाडीचा, दिवा त्या दोघांमुळे लागतो.

पुढचं रडार ७६ ते ७७ गिगाहर्ट्झच्या लहरींवर चालतं. या लहरीची लांबी चार मिलिमीटरपेक्षाही कमी. हा आकडा लक्षात ठेवा, कारण पेंटिंगवाल्याशी वाद घालताना तोच कामाला येतो. बंपरचं प्लास्टिक रडारला जवळपास पारदर्शक वाटावं म्हणून त्याची जाडी या लहरीच्या मापाने ठरवलेली असते. आता बंपरला खोक पडली, टिंकरने गरम करून ती बाहेर काढली, वर दोन मिलिमीटर जाडीची लांबी (पुट्टी) भरली, घासली, प्रायमर, रंग, क्लिअर कोट. डोळ्यांना बंपर नव्यासारखा दिसतो. रडारसाठी मात्र समोर एक नवीन भिंत उभी राहिली. लहरीचा काही भाग परत फिरतो, काही वाकडा होतो. मेटॅलिक रंगात तर अ‍ॅल्युमिनियमची बारीक भुकटी असते, तिचे थरावर थर चढले की अडथळा वाढतो. म्हणूनच अनेक कंपन्या रडारसमोरच्या पट्ट्यात लांबी भरायला साफ मनाई करतात आणि तिथे बंपर दुरुस्त न करता बदला असं सांगतात. बंपर बदलणं महाग पडतं, पण त्या जागेपुरता मी कंपनीच्या बाजूने आहे.

लोगोचंही तसंच. ज्या गाडीचं रडार लोगोमागे आहे तिचा लोगो दिसायला क्रोम असला तरी तो रडारच्या लहरी आरपार जातील असा खास बनवलेला असतो. तो चोरीला गेला म्हणून बाजारातून दोनशे रुपयांचा चकचकीत लोगो आणून चिकटवला, तर रडारच्या तोंडावर आरसा बांधल्यासारखं होतं.

आणि एक. पार्किंगमध्ये हलकासा धक्का बसला, बंपर लवचीक असल्यामुळे परत जागेवर आला, ओरखडासुद्धा नाही. पण आतला रडारचा ब्रॅकेट बरेचदा पत्र्याचा असतो. तो वाकला की परत येत नाही.

ओळंबा आणि लेझर

कॅलिब्रेशन म्हणजे गाडीला "तुझा कॅमेरा आता या कोनात बसलाय, यालाच सरळ समज" असं सांगणं. हे दोन पद्धतींनी होतं. कोणती वापरायची ते गाडीची कंपनी ठरवते, गॅरेजवाला नाही. काही गाड्यांना दोन्ही लागतात.

पहिली पद्धत स्थिर. मेहुण्याच्या गाडीबरोबर मी वर्कशॉपमध्ये जाऊन बसलो, कारण मला ती बघायची होती. वीसेक वर्षांचा आयटीआय झालेला पोरगा होता. त्याने आधी स्कॅनर लावून गाडीतले बिघाडाचे जुने सगळे कोड वाचले आणि छापून घेतले. मग डिकी उघडायला लावली. त्यात पाण्याचा कॅन, चपलांची पिशवी आणि कधीचं एक गव्हाचं पोतं होतं. "हे सगळं खाली काढा, दादा." मग चारही टायरांची हवा. मग पेट्रोलचा काटा. त्यानंतर त्याने जे केलं ते बघून मला आमच्या घराचं बांधकाम आठवलं. त्याने पुढच्या लोगोच्या बरोबर मध्यातून ओळंबा सोडला, गवंडी सोडतात तोच, आणि जमिनीवर खडूने खूण केली. मागच्या बाजूला तेच. दोन खुणांमधून रंगाची दोरी ताणून पुढे कित्येक मीटर सरळ रेष मारली, काटकोन काढला, टेप लावला, पुन्हा लावला. मग त्या रेषेवर काळ्या-पांढऱ्या चौकटींचा फलक स्टँडवर उभा केला, लेझर लावून त्याची उंची मिलिमीटरमध्ये मिळवली. एवढं होईस्तोवर तासभर गेला होता. प्रत्यक्ष कॅलिब्रेशन त्याच्या टॅबवर दोन-तीन मिनिटांत झालं.

तो तासच खरं काम आहे. कॅमेऱ्याला माहीत असतं की फलक इतक्या अंतरावर, इतक्या उंचीवर, बरोबर समोर आहे. चित्रात तो जिथे दिसतो आणि जिथे दिसायला हवा, त्यातला फरक म्हणजे कॅमेऱ्याचा कल. फलकच वाकडा ठेवला तर गाडी तो वाकडेपणा मनापासून शिकते. त्यामुळे फरशी सपाट लागते, समोर मोकळी जागा लागते, उन्हाची तिरीप फलकावर पडलेली चालत नाही. रस्त्याकडेच्या शेडमध्ये, उतारावर गाडी लावून "करून देतो साहेब" म्हणणाऱ्याला नमस्कार करून निघावं. रडारसाठी काळा-पांढरा फलक कामाचा नसतो. तिथे तीन पत्रे काटकोनात जोडलेला धातूचा कोपरा उभा करतात, तो लहर आली त्याच दिशेने परत पाठवतो.

गव्हाचं पोतं का काढायला लावलं? गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २.७ मीटर धरा. डिकीत सामान भरल्याने मागचा भाग नुसता अडीच सेंटिमीटर खाली बसला तरी गाडी अर्धा अंश कलते. वर ज्याने पन्नास मीटरचे पंचाहत्तर करून ठेवले, तोच अर्धा अंश.

इथे कुणीही विचारेल की मग आंब्याच्या पेट्या भरून रत्नागिरीहून पुण्याला येताना काय? मीही त्या पोराला हेच विचारलं. उत्तर असं, की चालत्या गाडीतला कॅमेरा लेनचे पट्टे दूरवर जिथे एकत्र मिळताना दिसतात त्या बिंदूवरून स्वतःला थोडंथोडं सावरत असतो. सामान, प्रवासी, टायरची झीज असे फरक तो सांभाळून घेतो. पण हे सावरणं एका ठरलेल्या मर्यादेतच चालतं, आणि ते ज्या शून्यापासून मोजलं जातं तो शून्य कॅलिब्रेशनमध्ये ठरतो. शून्यच अर्धा अंश चुकीचा असेल तर सावरायची जागा तिथेच संपू शकते आणि पेट्यांसाठी काही उरत नाही.

दुसरी पद्धत रस्त्यावरची. स्कॅनर जोडून गाडी ठरलेल्या वेगाने, ठरलेला वेळ चालवायची. कॅमेरा पट्टे आणि आजूबाजूच्या गाड्या बघत आपला कल स्वतः शोधतो. ऐकायला ही सोपी वाटते. पण त्यासाठी दोन्ही बाजूंचे पट्टे ठळक हवेत, उजेड हवा, रस्ता कोरडा हवा, आणि मध्येच रिक्षा-म्हशी येऊन वेग तुटायला नको. आपल्या शहरांत असा सलग पंधरा-वीस मिनिटांचा रस्ता शोधून दाखवा. म्हणून वर्कशॉपवाले बायपास किंवा एक्स्प्रेस वे गाठतात, आणि जुलैत "पाऊस उघडू दे, मग करू" म्हणतात. ही टोलवाटोलवी नाही, खरंच अडचण असते.

एक क्रम मात्र पाळायला हवा. आधी व्हील अलाइनमेंट, मग कॅलिब्रेशन. गाडी नाकासमोर जाते असं आपल्याला वाटतं, पण ती प्रत्यक्षात मागची चाकं ढकलतात त्या दिशेने जाते. कॅमेरा आणि रडार त्या दिशेशी जुळवायचे असतात. आधी कॅलिब्रेशन करून मग अलाइनमेंट केली तर पैसे पाण्यात गेले समजा. याच कारणाने सस्पेन्शनचं मोठं काम झालं, किंवा हौसेने गाडी उंच केली, तरी कॅलिब्रेशन पुन्हा बघावं लागतं.

पैसे देण्याआधी

काच मागवताना गाडीचं नाव आणि वर्ष सांगून भागत नाही, चासी नंबर द्या. एकाच मॉडेलच्या तीन-तीन काचा असतात: कॅमेऱ्याच्या ब्रॅकेटची, पावसाच्या सेन्सरची, दोन्ही नसलेली. ब्रॅकेट काचेला कारखान्यातच चिकटवलेला येतो. जुन्या काचेचा ब्रॅकेट खरवडून नव्या काचेला लावणारे महाभाग आहेत, तिथून काच घेऊ नका. कॅमेऱ्यासमोरच्या भागात काच जरा जरी लाटालाटांची असली तरी चित्र वाकतं. तुमच्या चष्म्याचा नंबर बरोबर पण काच हलक्या प्रतीची असली की फरशी उंचसखल दिसते, तसं. काच बसवल्यावर सीलंट पूर्ण सुकेपर्यंत थांबा. ओल्या सीलंटवर काच किंचित खाली बसते, आणि कॅलिब्रेशन त्याआधी झालेलं असलं तर तो कोनही बदलतो. तोवर सगळ्या काचा वर करून दार धाडकन लावू नका, आतली हवा नव्या काचेला बाहेर ढकलते.

विम्यातून काम करत असाल तर सर्व्हेअर येण्याआधी एस्टिमेटमध्ये कॅलिब्रेशनची वेगळी ओळ घालून घ्या. काम झाल्यावर "अहो, हेही होतं" म्हणून जोडायला गेलात तर हुज्जत ठरलेली. आपल्याकडच्या नेहमीच्या पॉलिसीत काचेवर घसारा कापत नाहीत, प्लास्टिकच्या भागांवर मात्र ५० टक्के कापतात, आणि बंपर प्लास्टिकचा असतो. म्हणजे झिरो डेप (घसारा न कापणारी जोड-पॉलिसी) नसेल तर बंपरचा फटका काचेपेक्षा जास्त लागतो, आणि त्याच भीतीने लोक बंपरला लांबी भरून घेतात. रडारसमोरच्या लांबीचं मूळ असं बरेचदा पॉलिसीत सापडतं.

काम झाल्यावर दोन कागद मागा, कामाआधीचा स्कॅन आणि नंतरचा. दुसऱ्यावर कॅलिब्रेशन पूर्ण झाल्याची नोंद, तारीख आणि किलोमीटर असायला हवेत. "झालंय साहेब, बिनधास्त जा" हा कागद नव्हे. आणि खात्री करायला पुठ्ठ्याचं खोकं ठेवून त्यावर गाडी घालून बघू नका. खोक्यासाठी ब्रेक लागला नाही म्हणजे यंत्रणा बिघडली असं ठरत नाही, आणि लागला म्हणून ती ठीक आहे असंही नाही.

कॅलिब्रेशन नीट झालेलं असतानाही आपण गाडीच्या डोळ्यांवर काय काय बांधतो ते बघण्यासारखं आहे. फास्टॅग आरशामागे चिकटवायचा असतो, तो घाईत बरोबर कॅमेऱ्याच्या खिडकीवर बसतो. बंपरपुढे बसवतात त्या क्रॅश गार्डविरुद्ध कारवाई करायला केंद्राने २०१७ मध्येच राज्यांना सांगितलं होतं. दंडाचं सोडा, तो लोखंडी पाइप रडारच्या तोंडासमोर येतो. दसऱ्याला जाळीवर झेंडूचा ओला हार घालतात, खाली लिंबू-मिरची लोंबते, आणि रडार झाकलं गेल्याचा संदेश आला की लोक सर्व्हिस सेंटरला फोन करतात. हार बॉनेटवर किंवा स्टीअरिंगला घाला, पूजा तेवढीच होते.

जुनी एडासवाली गाडी घ्यायला जाल तेव्हा आणखी एक बघा. सगळ्या काचांच्या कोपऱ्यात बनवणाऱ्याची खूण आणि वर्षाचा संकेत छापलेला असतो. चारही दारांच्या काचांवर एक खूण आणि पुढच्या काचेवर वेगळी असेल, तर ती काच बहुधा बदललेली आहे. मग मालकाला किंमत विचारण्याआधी कॅलिब्रेशनचा कागद विचारा. मेहुण्याने त्याचा कागद पीयूसीच्या पाकिटातच ठेवलाय.